शाळेच्या दाराशी आलेला प्रश्न : एचआयव्ही-एड्स आणि जगाने घेतलेला धडा

निवासी शाळा ही सहजीवनाची पहिली पाठशाळा असते. एकाच पंगतीतले जेवण, एकाच नळावरची अंघोळ, एका खोलीत ओळीने घातलेली अंथरुणे आणि वेळप्रसंगी मित्राचा सदरा अंगावर चढवून परीक्षेला जाणे, हे वसतिगृहात वाढलेल्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याच्या स्मरणात असते. समजा, अशा एखाद्या शाळेच्या कार्यालयात प्रवेशाच्या दिवसांत एक आजी नातवाला घेऊन आली. सारी कागदपत्रे टेबलावर ठेवून झाल्यावर तिने हलक्या आवाजात सांगितले, की मुलाचे आईवडील एड्सने गेले आणि मुलालाही जन्मापासून एचआयव्ही आहे. अशा वेळी शाळेने काय करावे? ही गोष्ट कानावर आली तर इतर पालकांनी काय म्हणावे?

हा प्रश्न गेल्या चार दशकांत अमेरिकेत, आफ्रिकेत आणि आपल्या महाराष्ट्रातही शाळांच्या दाराशी प्रत्यक्ष येऊन ठेपला आहे. एड्सविषयीच्या जागतिक जनजागृतीचा इतिहास परिषदांच्या ठरावांत आणि भित्तिपत्रकांत जितका आहे, तितकाच तो या दारांशी काय घडले यातही आहे. प्रस्तुत लेखात त्याचाच थोडक्यात मागोवा घ्यावयाचा आहे.

आजाराची ओळख

५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिक अहवालात लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांची नोंद प्रसिद्ध झाली. एरवी निरोगी असलेल्या या तरुणांना फुप्फुसाचा एक दुर्मीळ विकार जडला होता. पुढील वर्षी या आजाराला ‘एड्स’ हे नाव मिळाले. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाझ बारे-सिनूसी आणि ल्युक माँतान्ये यांच्या चमूने त्यामागचा विषाणू शोधून काढला आणि १९८५ मध्ये रक्तचाचणी उपलब्ध झाली. या शोधाबद्दल दोघांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

एचआयव्ही आणि एड्स हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. वस्तुतः एचआयव्ही हे विषाणूचे नाव आहे. तो शरीरातील रोगप्रतिकार करणाऱ्या विशिष्ट पांढऱ्या पेशींमध्ये शिरतो, तेथे स्वतःची संख्या वाढवतो आणि त्या पेशी हळूहळू नष्ट करतो. उपचार न झाल्यास साधारणतः काही वर्षांनी प्रतिकारशक्ती इतकी खालावते की क्षयासारखे आजार शरीराचा ताबा घेतात. त्या अवस्थेला एड्स म्हणतात. वेळेवर उपचार सुरू झाले तर एचआयव्ही असलेली व्यक्ती त्या अवस्थेपर्यंत कधीच न पोहोचता दीर्घायुष्य जगू शकते.

विषाणू पसरण्याचे मार्ग मोजके आहेत : निरोधाविना शरीरसंबंध, दूषित रक्त, दूषित सुई किंवा तत्सम उपकरणे, आणि आईकडून बाळाला गर्भारपणात, प्रसूतीत किंवा स्तनपानातून. लाळ, घाम, अश्रू, हस्तांदोलन, आलिंगन, एकत्र जेवण, एकच पेला, एकच स्वच्छतागृह, डासाचा चावा यांपैकी कशानेही एचआयव्ही होत नाही. हे संशोधनाने १९८० च्या दशकातच पुरेसे स्पष्ट झाले होते. विज्ञानाला कळलेली ही गोष्ट शेजाऱ्याच्या, शिक्षकाच्या आणि पालकाच्या मनापर्यंत पोहोचायला मात्र फार वेळ लागला.

एकाच राज्यातील दोन शाळा

अमेरिकेच्या इंडियाना राज्यात कोकोमो गावाजवळ रायन व्हाइट नावाचा मुलगा राहत होता. त्याला जन्मतः हिमोफिलिया होता. म्हणजे जखम झाली की रक्त लवकर गोठत नसे. त्यासाठी रक्तापासून बनवलेले औषध त्याला टोचावे लागे. त्या औषधातूनच त्याला एचआयव्हीची बाधा झाली आणि डिसेंबर १९८४ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, एड्सचे निदान झाले. १९८५ मध्ये शाळेने त्याला प्रवेश नाकारला. काही काळ तो घरी बसून दूरध्वनीवरून वर्गातला पाठ ऐकत असे. न्यायालयीन लढ्यानंतर दार उघडले, पण तडजोडीत अटी मान्य कराव्या लागल्या : जेवणासाठी वापरून टाकून द्यायची भांडी, वेगळे स्वच्छतागृह आणि व्यायामाच्या तासाला सुट्टी.

आपल्या समाजाला ही यादी अपरिचित नाही. साताऱ्याच्या शाळेत बाल भीमरावांना बसण्यासाठी घरून गोणपाट न्यावे लागे, आणि शिपायाने नळ सोडला नाही तर तहानलेले राहावे लागे. दोन्ही घटनांची कारणे वेगळी आहेत, काळ आणि देशही वेगळे आहेत. परंतु ‘याच्या स्पर्शाने आपण बाटू’ ही समजूत आणि वेगळ्या भांड्याचा, वेगळ्या पाण्याचा तिने काढलेला तोडगा एकाच जातकुळीचा आहे. म्हणूनच एचआयव्हीविषयीचा भेदभाव ओळखण्यास आपल्याला कोणा परक्याच्या शिकवणीची गरज पडू नये.

१९८७ मध्ये व्हाइट कुटुंब त्याच राज्यातील सिसेरो या गावी राहायला गेले. तेथील शाळेत ३१ ऑगस्ट रोजी रायन पहिल्यांदा आला, तेव्हा मुख्याध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी त्याच्याशी हस्तांदोलन करून स्वागत केले. हा बदल आपोआप घडला नव्हता. तो येण्यापूर्वीच शाळेने विद्यार्थ्यांना एड्सविषयी शिकवले होते. विद्यार्थिप्रतिनिधींनी पुढाकार घेऊन तज्ज्ञांना बोलावले होते, आणि मुलांनी हीच माहिती घरी जाऊन आईवडिलांना सांगितली होती. राज्य तेच, मुलगा तोच, आजारही तोच. फरक इतकाच की दुसऱ्या शाळेत ज्ञान मुलाच्या आधी पोहोचले होते.

रायन ८ एप्रिल १९९० रोजी वयाच्या अठराव्या वर्षी मरण पावला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेत एड्सग्रस्तांच्या उपचारासाठी मोठा कायदा झाला, आणि त्याला रायनचेच नाव देण्यात आले.

भीतीची जाहिरात

याच काळात अनेक देशांच्या सरकारांनी जनजागृती हाती घेतली. १९८७ मध्ये ब्रिटनमध्ये अज्ञानामुळे मरू नका असे बजावणारी पत्रके घरोघरी वाटली गेली, आणि दूरदर्शन संचावर काळ्या शिळेवर कोरलेले एड्सचे नाव दिसू लागले. ऑस्ट्रेलियातील जाहिरातीत तर साक्षात मृत्यू चेंडू फेकून माणसांना पाडताना दाखवला होता. आपल्याकडेही कवटी आणि हाडांची चित्रे असलेले फलक पुष्कळांना आठवत असतील.

या जाहिरातींनी लोकांचे लक्ष वेधले, हे मान्य केले पाहिजे. मात्र भीतीचा एक दोष असतो : ती विषाणूवर थांबत नाही, माणसापर्यंत जाते. मृत्यूचे चित्र पाहणाऱ्या अनेकांना शेजारचा आजारी माणूसच मृत्यूसारखा भासू लागला. जो माणूस घाबरतो, तो चाचणीला जात नाही. जो चाचणीला जात नाही, त्याला उपचार मिळत नाहीत आणि नकळत त्याच्याकडून इतरांना बाधा होत राहते. भीतीने आजार झाकला जातो, आणि झाकलेला आजार वाढतो.

याउलट काही साध्या कृतींनी मोठे काम केले. एप्रिल १९८७ मध्ये लंडनच्या एका रुग्णालयात राजकन्या डायना यांनी हातमोजे न घालता एका एड्सरुग्णाशी हस्तांदोलन केले. ते छायाचित्र जगभर गेले. १९८८ पासून १ डिसेंबर हा दिवस जागतिक एड्स दिन म्हणून पाळला जाऊ लागला, आणि १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या कलावंतांनी लाल फितीचे चिन्ह रूढ केले. युगांडात गायक फिली लुताया यांनी १९८९ मध्ये आपल्याला एड्स असल्याचे जाहीर केले, आणि आयुष्याचे उरलेले महिने शाळांत आणि प्रार्थनास्थळांत जाऊन लोकांशी बोलण्यात घालवले. आजाराला चेहरा आणि नाव मिळाले, की त्याविषयीची कुजबुज थांबून बोलणे सुरू होते.

जोहान्सबर्गचा न्कोसी

दक्षिण आफ्रिकेतील न्कोसी जॉन्सन हा जन्मतःच एचआयव्ही घेऊन आलेला मुलगा. त्याची आई आजारी असल्यामुळे गेल जॉन्सन या बाईंनी त्याला वाढवले. १९९७ मध्ये जोहान्सबर्गच्या एका प्राथमिक शाळेत त्याचे नाव घालताना त्यांनी आजार लपवला नाही. त्यावरून पालकांत दुफळी माजली आणि प्रवेश अडला. हा वाद देशभर गाजला. अखेर न्कोसी शाळेत गेला, आणि एचआयव्ही असलेल्या मुलांना शाळेत भेदभाव सोसावा लागू नये असे धोरण त्या देशाने स्वीकारले.

जुलै २००० मध्ये दर्बान येथे आंतरराष्ट्रीय एड्स परिषद भरली. तिच्या उद्‌घाटनाला अकरा वर्षांचा, अत्यंत कृश झालेला न्कोसी अंगापेक्षा मोठा सूट घालून व्यासपीठावर उभा राहिला. आम्हीही माणसेच आहोत, आमच्याजवळ बसल्याने किंवा आम्हाला कवटाळल्याने कोणाला एड्स होत नाही, आणि गरोदर मातांना सरकारने औषध द्यावे, असे त्याने हजारो प्रतिनिधींना सांगितले. त्या वेळी त्या देशाचे राष्ट्राध्यक्षच एचआयव्हीमुळे एड्स होतो की नाही याविषयी शंका घेत होते आणि औषधे देण्यास टाळाटाळ चालली होती. १ जून २००१ रोजी न्कोसी वारला. पुढील वर्षी, जुलै २००२ मध्ये, तेथील घटनापीठाने रुग्णांच्या संघटनेच्या बाजूने निकाल दिला आणि गरोदर मातांना औषध देणे सरकारवर बंधनकारक केले. सत्तास्थानावरील व्यक्तीने विज्ञान नाकारले तर त्याची किंमत किती जीवांना मोजावी लागते, हे जगाने तेथे पाहिले.

थायलंडमधील भिक्षापात्र

आशियात थायलंडने फार लवकर आणि फार मोकळेपणाने हा प्रश्न हाताळला. १९९१ पासून पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालील समितीने मोहीम चालवली. आकाशवाणी आणि दूरचित्रवाणीवर तासातासाला माहिती दिली जाई, आणि देहविक्रयाच्या ठिकाणी निरोधाचा वापर सक्तीचा करण्यात आला. नवीन बाधितांची संख्या त्यानंतर झपाट्याने घसरली. २०१६ मध्ये आईकडून बाळाला होणारा संसर्ग जवळजवळ संपवणारा आशियातील पहिला देश म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने थायलंडला मान्यता दिली.

परंतु सरकारी मोहीम गावागावातील तिरस्कार दूर करू शकत नव्हती. उत्तर थायलंडमध्ये, जेथे आजाराचा जोर अधिक होता, तेथे लोक बाधित घराच्या हातचे अन्न घेत नसत. १९९७ मध्ये चियांग माई येथील बौद्ध विद्यापीठाच्या आधाराने ‘संघ मेत्ता’ हा उपक्रम सुरू झाला. भिक्खूंना एचआयव्हीविषयी शास्त्रशुद्ध प्रशिक्षण देणे हे त्याचे काम होते. प्रशिक्षण घेतलेले भिक्खू बाधितांच्या घरी जात, औषधपाण्याची चौकशी करत, गावात समुपदेशन करत. त्यांतील एक कृती विशेष परिणामकारक ठरली. एचआयव्ही असलेल्या माणसांनी शिजवलेले अन्न ते भिक्षापात्रात स्वीकारत आणि गावकऱ्यांच्या देखत ग्रहण करत.

आजारी पडलेल्या आणि सोबत्यांनी टाकलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतःच्या हातांनी स्नान घातले, ही विनयपिटकातील कथा आपल्या वाचकांना परिचित आहे. करुणेचा अर्थ तेथे शब्दांपेक्षा हातांनी सांगितला गेला. थायलंडच्या भिक्खूंनीही तेच केले. जेवणातून एचआयव्ही पसरत नाही हे वाक्य शंभरदा ऐकूनही न पटलेला माणूस, ज्याच्यावर आपली श्रद्धा आहे त्याला ते अन्न खाताना पाहतो, तेव्हा त्याची शंका सैल होते.

चेन्नई, मुंबई, पुणे आणि लातूर

भारतात एचआयव्हीचा पहिला पुरावा १९८६ मध्ये चेन्नईत मिळाला. डॉ. सुनीती सोलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली सेल्लप्पन निर्मला या विद्यार्थिनीने गोळा केलेल्या रक्तनमुन्यांत तो सापडला. डॉ. सोलोमन या चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातील, पूर्वाश्रमीच्या गायतोंडे. एड्सरुग्णांवर उपचार करण्यास अनेक डॉक्टर कचरत होते, त्या काळात त्यांनी रुग्णांसाठी स्वतंत्र संस्था उभी केली आणि उरलेले आयुष्य त्या कामाला वाहिले. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन झाली. त्याच वर्षी सांगलीत ‘संग्राम’ संस्थेने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांसोबत काम सुरू केले, आणि पुढे या स्त्रिया स्वतःच आपल्या वस्तीत जनजागृती करणाऱ्या कार्यकर्त्या झाल्या.

औषधांच्या इतिहासातही महाराष्ट्राचे नाव आहे. १९९६ च्या सुमारास तीन औषधांची एकत्रित उपचारपद्धती प्रभावी ठरली, पण तिचा खर्च माणशी वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर जात होता. गरीब देशांतील रुग्णांना ती मिळणे अशक्य होते. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे प्रमुख युसुफ हमीद यांनी हीच औषधे स्वयंसेवी डॉक्टरांच्या संघटनेला वर्षाला सुमारे साडेतीनशे डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी किमतीत, देऊ केली. आफ्रिकेतील लाखो रुग्णांना पुढे जे उपचार मिळाले, त्यांची वाट येथून मोकळी झाली. आपल्या देशात १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत ही औषधे मोफत मिळू लागली.

२०११ मध्ये नऊ देशांतील १७६३ जोडप्यांच्या अभ्यासाचे निष्कर्ष जाहीर झाले. पुण्यातील केंद्रही त्यात सहभागी होते. बाधित जोडीदाराला लवकर औषधे सुरू केली तर दुसऱ्याला संसर्ग होण्याचे प्रमाण ९६ टक्क्यांनी घटते, असे त्यातून दिसले. पुढील संशोधनाने ही गोष्ट आणखी पक्की केली : नियमित औषधांमुळे रक्तातील विषाणू चाचणीत न दिसण्याइतका कमी झाला, की त्या व्यक्तीकडून शरीरसंबंधातून संसर्ग होत नाही. आईने योग्य वेळी औषधे घेतली तर बाळाला बाधा होण्याची शक्यताही पाच टक्क्यांच्या खाली आणता येते. औषधांविना ती पंधरा ते पंचेचाळीस टक्के असते.

इतके सारे ज्ञान हाताशी येत असताना, २००९ मध्ये लातूर जिल्ह्यातील एका गावी, एचआयव्ही असलेली अनाथ मुले शाळेत येऊ लागताच इतर पालकांनी आपली मुले शाळेत पाठवणे थांबवले. कोकोमोच्या घटनेला तेव्हा जवळजवळ पाव शतक लोटले होते. त्या पालकांना दुष्ट म्हणून मोकळे होणे सोपे आहे. ते आपल्यासारखेच कष्टकरी, लेकरांच्या काळजीने व्याकूळ झालेले लोक होते. त्यांच्यापर्यंत ज्ञान वेळेत आणि विश्वासाच्या माणसाकडून पोहोचले नव्हते.

आपल्यासमोरचे काम

संयुक्त राष्ट्रसंघाच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगात सुमारे ४ कोटी ८ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते. त्यांपैकी ३ कोटी १६ लाखांना उपचार मिळत होते. त्या एका वर्षात सुमारे ६ लाख ३० हजार माणसे एड्सशी संबंधित आजारांनी दगावली, आणि १३ लाखांना नव्याने बाधा झाली. भारतात बाधितांची संख्या २५ लाखांच्या घरात आहे. आजार आटोक्यात येत आहे, पण संपलेला नाही. मृत्यूंपैकी पुष्कळ टाळता येण्याजोगे आहेत, कारण औषध आहे. अनेकदा माणूस लाजेमुळे त्या औषधापर्यंत पोहोचत नाही.

आपल्या देशाने २०१७ मध्ये एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा केला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून तो अमलात आला. शिक्षण, नोकरी, उपचार किंवा निवास यांत एचआयव्हीच्या कारणाने भेदभाव करणे आता बेकायदा आहे. संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, आणि कोणाची स्थिती उघड करता येत नाही. आईवडील गमावलेल्या घरांचा विचारही या कायद्याने केला आहे : घर सांभाळणारे बारा ते अठरा वर्षांचे समंजस भावंड आपल्या लहान भावंडांचे पालक म्हणून शाळेतील प्रवेशासाठी किंवा उपचारासाठी सही करू शकते.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. निवासी शाळेला अशा मुलासाठी वेगळे ताट, वेगळा नळ किंवा वेगळी खोली लागत नाही. लागते ती एक शिस्त, जी साऱ्या मुलांसाठी सारखीच असावी. कोणाचेही रक्त वाहिले, तर मदत करणाऱ्याने हातमोजे घालावेत, सांडलेले रक्त जंतुनाशकाने पुसावे. दाढीचे पाते आणि सुई कोणीही कोणाशी वाटून वापरू नये. ही शिस्त पाळली, की कोणाला एचआयव्ही आहे हे शोधत बसण्याची आवश्यकताच उरत नाही. त्या मुलाला रोजची गोळी ठरलेल्या वेळी, चारचौघांत वाच्यता न होता मिळेल, आणि त्याची माहिती ज्यांना असणे आवश्यक आहे अशा एक-दोघांपलीकडे जाणार नाही, एवढी दक्षता मात्र शाळेने घ्यावी.

पालकांचे कामही अवघड नाही. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयातील समुपदेशन व चाचणी केंद्रात चाचणी मोफत आणि गोपनीय असते. संसर्गानंतरचे पहिले काही आठवडे चाचणीत दोष दिसत नाही, म्हणून शंका असल्यास तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी करून घ्यावी. दूषित सुई टोचली किंवा तसाच धोका घडला, तर ७२ तासांच्या आत सुरू केलेली औषधे संसर्ग टाळू शकतात. त्यासाठी तत्काळ रुग्णालय गाठावे. १०९७ या राष्ट्रीय क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. वयात येणाऱ्या मुलामुलींशी या विषयावर घरात बोलावे. संकोचाने आपण गप्प राहिलो तर त्यांना अर्धवट माहिती बाहेरून मिळणारच आहे. आणि आपल्या बोलण्यातून ‘कर्माची फळे’ यांसारखे शब्द काढून टाकावेत, कारण असे शब्द ऐकणारा माणूस चाचणीच्या खोलीत कधीच पाऊल ठेवत नाही.

माजी विद्यार्थ्यांपैकी आज कोणी शिक्षक आहेत, कोणी परिचारिका, कोणी ग्रामपंचायतीत, कोणी बचत गटांत काम करतात. आपल्या गावातील लोक फलकावर जितका विश्वास ठेवतात, त्याहून अधिक तो आपल्या शब्दावर ठेवतात. येत्या १ डिसेंबरला प्रभातफेरी अवश्य निघावी, लाल फीतही लावावी. त्यासोबत आपल्या शाळेतील शिक्षकांची, स्वयंपाकघरातील सेवकांची आणि पालकांची एक बैठक तज्ज्ञांच्या उपस्थितीत व्हावी, जशी सिसेरोच्या शाळेने रायन येण्यापूर्वी घेतली होती. ती आजी आणि तिचा नातू उद्या खरोखरच कार्यालयात आले, तर त्यांचे म्हणणे ऐकून घेऊन लिपिकाने इतर मुलांप्रमाणेच प्रवेशअर्ज पुढे करावा, वसतिगृहातील मोकळी खाट दाखवावी, आणि संध्याकाळच्या पंगतीत त्या मुलाला मुलांच्या ओळीत मध्यभागी जागा मिळावी.